फायनल रिंगमधली छत्री

प्रिय ईशा आणि नील,

उन्हाळ्यात तुमचा बाबा नागपूरला येऊन गेला, तेव्हा माझ्या कपाटातल्या जुन्या फोटोंचे त्याने मोबाइलवर फोटो काढून नेले. कपाटात ते वर्षवार लावलेले होते. परत ठेवताना त्याने ते कसेही कोंबले, पण ते असो. त्यातला एक तुम्ही पाहिलात आणि नीलने मला फोनवर विचारलं, “आजी, तू चिखलात छत्री धरून का उभी आहेस? आणि छत्रीमागे कोण आहे? नुसते हातच दिसतात.” मी ‘लाइन खराब आहे’ म्हणून विषय टाळला. लाइन अगदी छान होती.

त्यानंतर काही दिवसांनी एका दिवाळी अंकाच्या संपादिकाबाई घरी आल्या आणि ‘तुमच्या कामाबद्दल लिहा’ म्हणाल्या. मी शाळेत चौतीस वर्षं इंग्रजी शिकवलं, त्याबद्दल मी लिहावं अशी त्यांची अपेक्षा असणार. पण शिकवण्याबद्दल सगळेच लिहितात. माझं दुसरंही एक काम होतं. वर्षातून दोनच दिवसांचं, पण शाळेइतकंच मी ते जीव लावून केलं. मी डॉग शोमध्ये रिंग स्टुअर्ड होते. मी विचारलं, “नातवंडांना पत्र म्हणून लिहिलं तर चालेल?” त्या चालेल म्हणाल्या. म्हणून हे तुम्हाला लिहिते आहे आणि बाकीच्यांनी खांद्यावरून वाचायला हरकत नाही.

तुमच्याकडे आता कुत्रा आहे आणि त्याला फिरवायला तुम्ही तिकडच्या आजीला बरोबर नेता, हे मला व्हिडिओवर दिसतं. चांगली गोष्ट आहे. पण तो कुत्रा चालताना पुढचा उजवा पाय बाहेर टाकतो, हे तिकडच्या आजीच्या लक्षात आलं नसेल. माझ्या आलं.

आधी काम सांगते. डॉग शोमध्ये दोऱ्या बांधून मोठा चौकोन करतात, त्याला रिंग म्हणतात. त्यात एकेका जातीचे कुत्रे मालकांबरोबर गोल पळतात, मग ओळीने उभे राहतात. जज प्रत्येकाचे दात, छाती, पाठ, पाय हातांनी चाचपून बघतो आणि क्रमांक लावतो. जजला कुत्रा कोणाचा, त्याचं नाव काय, हे कळता कामा नये. त्याला फक्त नंबर दिसतो. तो नंबर पुठ्ठ्याच्या कार्डावर लिहून मालकाच्या डाव्या दंडाला रबरबँडने लावलेला असतो. जज आपल्या वहीत नंबर लिहितो. तो नंबर कोणाचा, हे कॅटलॉग नावाच्या पुस्तिकेत छापलेलं असतं. वही आणि कॅटलॉग जुळवून मग सर्टिफिकेटवर नाव घालतात.

आणि या सगळ्याच्या मधे स्टुअर्ड असतो. नंबर पुकारायचे, कोण आलं कोण नाही ते टिपायचं, फिती क्रमाने हातात द्यायच्या, जजला पाणी द्यायचं, आणि जजशी कुत्र्यांबद्दल एक अक्षर बोलायचं नाही. कुत्रा जजच्या बुटावर पाय वर करून गेला तरी हसायचं नाही. हे शेवटचं सगळ्यात अवघड. एका वर्षी एक पोलीस इन्स्पेक्टर आपला लॅब्राडोर घेऊन आले. तो रिंगच्या मधोमध आडवा होऊन झोपला. इन्स्पेक्टर कडाडले, “सावधान!” बाकीचे अकराही कुत्रे ताठ उभे राहिले. त्यांच्या लॅब्राडोरने कूस बदलली. मी जजच्या पाण्याच्या ग्लासकडे बघत राहिले आणि हसले नाही. स्टुअर्ड म्हणून माझी लायकी त्या दिवशी सिद्ध झाली असं मी मानते.

मला या कामात आणलं माझ्या अक्षराने. कॅटलॉग इंग्रजीत, नंबराची कार्डं इंग्रजीत, आणि क्लबच्या लोकांचं अक्षर डॉक्टरांसारखं. मी कट निबच्या पेनाने निळ्या शाईत आकडे काढायचे. एकेक आकडा छापल्यासारखा. शोच्या आदल्या आठवड्यात आमच्या डायनिंग टेबलवर दोनशे-अडीचशे कार्डं वाळत पडलेली असायची आणि तुमचे आजोबा ताट मांडीवर घेऊन जेवायचे. फितींसाठी मी एक दोरी बांधून तिला कपड्यांचे चिमटे लावायचे. पहिली, दुसरी, तिसरी, अशा क्रमाने. कॅटलॉगही मीच तयार करायचे. प्रत्येक गटात मालकांची आडनावं इंग्रजी वर्णमालेप्रमाणे लावायची आणि मग नंबर द्यायचे. हा माझा नियम. त्यामुळे पुस्तिका न उघडताही मला अंदाजाने नंबर सांगता यायचे आणि लोक थक्क व्हायचे.

आणि फायनल रिंग माझी होती. दिवसाच्या शेवटी सगळ्या जातींचे विजेते एका रिंगमध्ये येतात आणि त्यातून त्या शोचा सर्वोत्तम कुत्रा निवडतात. त्या रिंगचा स्टुअर्ड सोनेरी काठाचा बिल्ला लावतो. सारं मैदान त्याच्याकडे बघत असतं. बावीस वर्षं तो बिल्ला मी लावला.

मग वैशाली आली.

वैशाली बोरकर. तिशीतली, विमा कंपनीत नोकरी, घरी रस्त्यावरून उचलून आणलेले तीन कुत्रे. तिचं काय चुकलं म्हणाल तर काहीच नाही. तेच तर. ती मैदानात पाऊल टाकायची आणि कुत्रे माना वळवायचे. ग्रेट डेन तिच्या खांद्यावर पंजे ठेवायचा, चिहुआहुआ तिच्या ओढणीत शिरायचा. मी इतकी वर्षं त्यांचे नंबर पुकारले, त्यांच्यासाठी उन्हात उभी राहिले. एकाही कुत्र्याने कधी माझा हात चाटला नाही. मी चाटू दिलाही नसता, ही गोष्ट वेगळी.

पहिल्याच वर्षी तिने फितींसाठी पारदर्शक खिशांची फाइल आणली. बाहेरगावच्या जजनी ती हातात घेऊन उलटसुलट पाहिली आणि म्हणाले, “व्हॉट अ क्लेव्हर आयडिया.” माझ्या चिमट्यांच्या दोरीला बावीस वर्षांत कोणी असं म्हटलं नव्हतं. दुसऱ्या वर्षी आमचे अध्यक्ष, कामठीला स्थायिक झालेले एक निवृत्त कर्नल, माझ्या घरी चहाला आले. मी तेव्हाच ओळखलं. ते कधी येत नसत.

“मॅडम, आता फायनल रिंग वैशालीला देऊ या. तुम्ही काउंटर सांभाळा. तिथे अनुभवी माणूस लागतो.”

“अगदी बरोबर,” मी म्हटलं आणि त्यांना साखर नसलेला चहा दिला. ते साखर घेत असत.

काउंटर म्हणजे कार्डं वाटण्याचं टेबल. कॅटलॉगही वैशालीकडे गेला, कॉम्प्युटरवर. माझ्याकडे राहिली ती फक्त कार्डं. त्यातही तिने सुचवलं, “काकू, कार्डं प्रिंट करून लॅमिनेट करू या का? तुमचा त्रास वाचेल.” बाकी सगळ्यांना ती ‘मॅडम’ म्हणायची, मला ‘काकू’. मी म्हटलं, “मला त्रास होत नाही.” ती म्हणाली, “नाही, पाऊस आला तर...” मी म्हटलं, “फेब्रुवारीत?” आणि विषय संपवला.

तीन वर्षांपूर्वीच्या त्या फेब्रुवारीत पाऊस आला. नुसता पाऊस नाही, गारा.

सकाळी ऊन होतं. साडेअकराच्या सुमारास कोराडीच्या बाजूने आभाळ काळं-हिरवं झालं आणि पंधरा मिनिटांत मैदानावर कोणीतरी खडी ओतल्यासारखा आवाज सुरू झाला. लिंबाएवढ्या गारा. तुम्ही बर्फात राहता, तुम्हाला त्याचं काही वाटणार नाही. पण मांडवाचं कापड फाटून गार डोक्यावर पडते तेव्हा कळतं. अडीचशे माणसं आणि तितकेच कुत्रे एका मांडवाखाली घुसले. डॉबरमन थरथर कापत होते, एका आजोबांनी आपल्या पगला स्वेटरच्या आत घेतलं होतं आणि त्यांना स्वेटरमधून दोन तोंडं फुटल्यासारखी दिसत होती. कोणीतरी कळमन्याच्या बाजारातून धान्य झाकायच्या ताडपत्र्या टेम्पोत घालून आणल्या, त्या मांडवावर टाकल्या तेव्हा कुठे थोडं कोरडं झालं. गारा थांबल्या, पाऊस थांबून थांबून येत राहिला. जजना संध्याकाळचं विमान होतं, म्हणून कर्नलसाहेबांनी ठरवलं की शो चालूच ठेवायचा.

आणि माझ्या टेबलासमोर दोन माणसं येऊन उभी राहिली.

एक होते श्रावण मेश्राम. कन्हानजवळच्या कोळसा खाणीतून निवृत्त झालेले, काटक, डोक्यावर पोत्याची खोळ. त्यांच्याबरोबर बिजली. बिजली म्हणजे कारवान हाउंड, आपल्या इकडचीच शिकारी जात. लांब पाय, खपाटीला गेलेलं पोट, बदामी रंग. कुत्र्याला ‘चॅम्पियन’ म्हणवून घ्यायचं असेल तर तीन वेगवेगळ्या जजांकडून तीन चॅलेंज सर्टिफिकेटं लागतात, आणि गटात जो पहिला येईल त्यालाच ते मिळतं. बिजलीकडे दोन होती. ती सात वर्षांची झाली होती. त्यानंतरही मेश्राम दर वर्षी यायचे, पण दर वर्षी ती दुसरी यायची. सकाळीच ते मला म्हणाले होते, “बाई, आता हा शेवटचाच शो. तिचे मागचे पाय दुखून राहिले. एवढं एक भेटलं का तिले घरी बसवतो.”

दुसरे होते मोटवानीशेठ. जरीपटक्यात त्यांचं कापडाचं दुकान. त्यांच्याकडेही कारवान मादी, रूबी. तीही बदामी. दोघी एकाच गटात.

दोघांच्याही दंडावर नंबर नव्हता. होता तो निळा ओघळ.

“बाई, नंबर धुऊन गेला,” मेश्राम म्हणाले.

“किती होता?”

“मले ध्यानात नाही ना. तुम्ही लावला, मी पाह्यलंच नाही. उभी राय वं बिजली, अशी झटकू नको अंगावर.”

मोटवानीशेठ म्हणाले, “मॅडम, एक्कावन था की बावन... ऐसा कुछ था. आप लिख दो ना, आपको तो सब मालूम रहता है.”

हे वाक्य तुम्ही नीट वाचा. मला सगळं माहीत असतं. दोन वर्षांत हे मला कोणी म्हटलं नव्हतं.

कॅटलॉगची माझी प्रत टेबलाखालच्या पत्र्याच्या ट्रंकेत, तळाशी, प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली होती. ट्रंकेवर लोकांनी भिजलेल्या पिशव्या रचल्या होत्या. उघडा कॅटलॉग होता वैशालीकडे, वीस पावलांवर, रिंगच्या तोंडाशी. जाऊन विचारायला अर्धं मिनिट लागलं असतं. तिने आनंदाने बघून सांगितलं असतं. “थांबा हं काकू,” म्हणाली असती.

मी गेले नाही. मी मनात माझा नियम लावला. इंग्रजी वर्णमालेत मेश्राम आधी, मोटवानी नंतर. म्हणून मेश्राम एक्कावन्न, मोटवानी बावन्न. दोन कोरी कार्डं घेतली, निब पुसून आकडे काढले, या वेळी वरून पारदर्शक पट्टीही चिकटवली. सुंदर आकडे होते. तिकडे पुकारा झाला आणि दोघंही चिखलातून रिंगकडे धावले.

टेबलावरून मला रिंग दिसत होती. बिजली त्या दिवशी पळाली तशी मी तिला कधी पळताना पाहिलं नव्हतं. इतर माद्या चिखलात पाय उचलून उचलून टाकत होत्या. ही जणू पाण्यावरून गेली. जजनी दोनदा पळवलं, दोनदा चाचपलं आणि तिच्याकडे बोट केलं. मेश्रामांच्या हातात पहिली फीत आली. डोक्यावरची पोत्याची खोळ काढून त्यांनी ती बिजलीच्या अंगावर घातली.

दहा मिनिटांनी लाउडस्पीकरवर वैशालीचा आवाज आला. कारवान हाउंड, मादी, चॅलेंज सर्टिफिकेट, नंबर एक्कावन्न: मोटवानी यांची रूबी.

मेश्राम फीत हातात धरून उभे होते. ते मांडवातून वैशालीच्या टेबलाकडे चालत गेले. ओरडले नाहीत. त्यांच्या मागून आलेले मात्र ओरडले. “गरीब माणूस दिसला का असंच करता काय?” “शेठचं नाव कसं काय येते?” मोटवानीशेठ बिचारे गोंधळलेले. “अरे भई, मेरी तो दुसरी आयी थी. मला वाटलं जजसाहेबांनी मागून मन बदललं.”

वैशालीने वही उघडली. जजच्या अक्षरात एक्कावन्न. कॅटलॉग उघडला. एक्कावन्न, रूबी. मेश्रामांचा दंड पाहिला. एक्कावन्न. ती पांढरी पडली.

“म्हणजे कॅटलॉगच चुकला,” कर्नलसाहेब म्हणाले. “मी म्हटलं होतं, कॉम्प्युटरवर सगळं टाकू नका. मॅडम हाताने करायच्या तेव्हा एक चूक नव्हती.”

“सर, मी फॉर्मवरून तीनदा तपासलंय.”

“फॉर्म कुठे आहेत?”

“ऑफिसच्या कपाटात. किल्ली...”

“झालं!”

मी तिथे पोचले होते. खरं सांगते, त्या क्षणापर्यंत मलाही वाटत होतं की चूक तिचीच. आणि मला बरं वाटत होतं. फार बरं वाटत होतं. थंडीत पाठीवर ऊन पडावं तसं.

कर्नलसाहेबांनी निर्णय दिला. कार्ड आणि कॅटलॉग जुळत नाहीत. सर्टिफिकेट कोणालाच नाही, या गटाचा निकाल रद्द. आणि हलक्या आवाजात वैशालीला म्हणाले, “तू आता जरा बस. फायनल मॅडम घेतील.” तिने छातीवरचा सोनेरी काठाचा बिल्ला काढला. तो भिजलेला होता. रुमालाने पुसून तिने माझ्या हातात दिला.

मी तो लावला. तुम्हाला खोटं का सांगू? मी आरशात बघायला पर्स उघडली.

फायनलसाठी कोरड्या टाचण्या हव्या होत्या. त्या ट्रंकेत होत्या. लोकांच्या पिशव्या बाजूला केल्या, ट्रंक उघडली, टाचण्यांच्या डबीखाली माझा कॅटलॉग. मी सहज तो गट काढला. एक्कावन्न, मोटवानी. बावन्न, मेश्राम. दोन्ही नावांसमोर माझ्याच पेन्सिलीची बारीक खूण. सकाळी कार्डं देताना मी केलेली.

आडनावं वर्णमालेप्रमाणे नव्हतीच. वैशालीने फॉर्म ज्या क्रमाने आले त्या क्रमाने नंबर दिले होते. मोटवानींचा फॉर्म आधी आला असणार. तिने मला हे डिसेंबरातच सांगितलं होतं. मी ऐकत असल्यासारखी मान हलवली होती आणि ऐकलं नव्हतं.

म्हणजे कॅटलॉग बरोबर. पहिली कार्डं बरोबर. दुसरी कार्डं, माझी, उलटी.

मी ट्रंकेचं झाकण लावलं. हे फक्त मला माहीत होतं. मेश्रामांना आणि मोटवानींना कार्डं बदलल्याचं आठवत होतं, पण मी चुकेन असं त्यांच्या मनातसुद्धा आलं नव्हतं. ऑफिसचं कपाट सोमवारी उघडलं असतं. तोवर जज गेलेले, बिजली घरी, आणि फायनल होऊन गेलेली. मी टाचण्या मोजल्या. पुन्हा मोजल्या. एक विचार मनात आला तो लिहून टाकते: फायनल होऊ दे, मग सांगू.

तेवढ्यात मेश्राम टेबलापाशी आले. भांडायला नाही. कार्ड परत द्यायला. शो संपल्यावर कार्डं परत करायची असतात, हा नियम. बहुतेक लोक पाळत नाहीत.

“घ्या बाई तुमचं कार्ड.”

“मेश्राम, मला फार वाईट वाटतं.”

“तुमाले काहून? तुमी तं बरोबरच लेहून देल्लं.” त्यांनी कार्डावरच्या आकड्यावरून अंगठा फिरवला. “मी म्हणलंबी त्या लोकायले, हे बाईच्या हातचं अक्षर आहे, हे चुकत नसते. पण त्या पोरीवर लय भडकून राह्यले सारे. तिले सांगा, मनावर घेऊ नको म्हणा. चुकते मानूस.” मग बिजलीकडे बघून म्हणाले, “चाल वं. बस भेटली पाहिजे. तुहे पाय आता गाडीतच बरे.”

बिजली माझ्याकडे आली. तुम्हाला वाटेल तिने माझा हात चाटला. नाही. तिने माझ्या साडीला अंग पुसलं आणि चिखल लावून निघाली.

मी म्हटलं, “मेश्राम, थांबा. बस सोडा.”

मग मी कॅटलॉग घेऊन चिखलातून कर्नलसाहेबांकडे गेले. मी इतकी वर्षं मुलांना सांगत आले की चूक कबूल करताना वाक्य छोटं ठेवा, कारणं जोडू नका. माझ्या तोंडून मात्र लांबच लांब वाक्य निघालं, ज्यात गारा होत्या, ट्रंक होती, वर्णमाला होती. कर्नलसाहेबांना काही कळेना. शेवटी वैशालीनेच विचारलं, “काकू, म्हणजे कार्डं तुम्ही परत लिहिली होती?”

“हो.”

“कॅटलॉग न बघता?”

“हो.”

“मला विचारायचं ना. मी इथेच तर होते.”

त्यात टोमणा नव्हता. मी शोधला, सापडला नाही. टोमणा असता तर मला सोपं गेलं असतं.

जज चेन्नईचे, सत्तरीतले, कमी बोलणारे. ते म्हणाले, वहीतल्या दुरुस्तीवर सही करायची तर मी दोघींना पुन्हा बघणार, नंबराशिवाय. दोघी आणल्या. ते पाठ करून उभे राहिले, मालकांनी जागा दोनदा बदलल्या. मग त्यांनी वळून दोघींच्या पाठीवरून हात फिरवला, खांद्यापासून शेपटीपर्यंत, चेहऱ्याकडे न बघता, जसं बायका कापड हातात घेऊन पोत बघतात तसं. दुसरीच्या बरगड्यांवर हात थांबला. “हीच,” ते इंग्रजीत म्हणाले, “हात विसरत नाहीत.” ती बिजली होती. वैशालीने नवं सर्टिफिकेट लिहिलं. मोटवानीशेठनी मेश्रामांना मिठी मारली आणि म्हणाले, “चलो, अब पार्टी दो.” मेश्राम म्हणाले, “पार्टी काय देऊ शेठ, अंगावरचं पोतंबी तं तिलेच देल्लं.” आणि मग ते बिजलीच्या मानेत तोंड घालून खाली बसले, बराच वेळ.

जाताना त्यांनी माझ्याकडे ते एक्कावन्नचं कार्ड परत मागितलं. मी म्हटलं, “अहो, ते चुकीचं आहे.” “असू द्या,” ते म्हणाले. “आकडा चुकला, अक्षर चांगलं आहे.” सर्टिफिकेटाच्या शेजारी त्यांनी ते भिंतीवर लावलंय, असं कळलं. मी बघायला गेले नाही.

बिल्ल्याची टाचणी माझ्या साडीच्या पदरात अडकली होती. सोडवायला वेळ लागला. वैशाली थांबली, मदत करायला पुढे आली नाही, याबद्दल मी तिची आजही आभारी आहे. मी बिल्ला तिच्या हातात दिला. पाऊस पुन्हा भुरभुरायला लागला होता. ती रिंगकडे निघाली, दोन पावलांवर थांबली आणि मागे वळली.

“काकू, छत्री धराल का? माझी वही भिजतेय.”

तर नील, मी छत्री धरून फायनल रिंगमध्ये अशी गेले. सगळं मैदान बघत होतं. अकरा जातींचे अकरा विजेते रिंगमध्ये होते आणि त्यांच्यात पोत्याचं पांघरूण काढून ठेवलेली बिजली. ती जिंकली नाही. एक जर्मन शेफर्ड जिंकला. वैशाली नंबर पुकारत होती. तिचा आवाज स्पष्ट आहे, फक्त शेवटची अक्षरं ती गिळते. दुसरी फीत द्यायच्या आधी तिने तिसरी हातात घेतली होती, मग तिच्या लक्षात आलं आणि तिने बदलली. मी छत्रीखालून बघितलं. कोणाला सांगितलं नाही. आज पहिल्यांदा सांगते आहे.

पुढच्या वर्षापासून कार्डं प्रिंट करून लॅमिनेट होतात. छान दिसतात. सगळी सारखी. मी शो सोडला. पाय दुखतात, असं कारण दिलं. कर्नलसाहेबांनी निरोपाला मोठा पुष्पगुच्छ पाठवला आणि वैशालीने एक कट निबचं पेन, खोक्यात घालून. त्याने मी हे पत्र लिहिते आहे. चांगलं चालतं. ते वाईट चाललं असतं तर मला बरं वाटलं असतं.

आता तुझा दुसरा प्रश्न. छत्रीमागे वैशाली बोरकर आहे. सर्वोत्तम कुत्र्याला ट्रॉफी देताना क्लबचा फोटोग्राफर रिंगमध्ये आला होता. हा फोटो क्लबच्या भिंतीवर आहे, कार्यक्रमपत्रिकेवर छापला गेला, आणि त्यात तिचा चेहरा नाही. छत्री आडवी आली आहे. फोटोग्राफर दोनदा म्हणाला होता, “काकू, छत्री जरा वर.” मला ऐकूच आलं नाही, असं मी नंतर सांगितलं. वैशालीने विचारलं तेव्हा वारा उलटा फिरला म्हणून छत्री तिरपी झाली असं सांगितलं, आणि ती म्हणाली, “असू दे हो काकू, तुमचा तरी छान आलाय.”

वारा तेव्हा अजिबात नव्हता.

तुमची,
नागपूरची आजी